वसुधाताईंच्या छत्तीस नानकटाया

१

सोमवारी दुपारी आयर्लंडमधल्या ॲथलोनमध्ये छत्तीस नानकटायांचा एकाच वेळी अंत झाला. बाहेरून कोळसा, आतून कोळसा, आणि प्रत्येकीच्या मधोमध लावलेली चारोळी तेवढी डोळे पांढरे करण्याऐवजी काळे करून पडलेली.

धूर असा निघाला की शॅनन नदीतले हंस खोकत खोकत लिमरिकच्या दिशेनं पोहत गेले, असं नंदकुमार पुढे सगळ्यांना सांगत. हंसांचं आपण सोडून देऊ. पण धुराचा अलार्म वाजला हे खरं, आणि शेजारची ब्रीडा एकाच पायात स्लिपर घालून धावत आली हेही खरं.

"एकशे साठ," वसुधाताई म्हणाल्या. "मी एकशे साठच लावलं होतं."

त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

वसुधाताई म्हणजे घराचा कर्ता आशिष, त्याची आई. पुण्यात तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या. वर्गात नकाशा उलटा टांगला गेला तर मुलं नव्हे, नकाशा घाबरायचा. नंदकुमार म्हणजे आशिषची बायको शुभदा, तिचे वडील. सांगलीकडच्या साखर कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलरचे मीटर सांभाळून निवृत्त झालेले, आणि आठच दिवसांपूर्वी मुलीकडे आलेले. म्हणजे दोघं व्याही-विहीण. दोघंही एकमेकांशी इतक्या अदबीनं वागत की दोघांनाही दमायला व्हायचं.

आशिष डॉक्टर. संध्याकाळी हॉस्पिटलातून आला, ओव्हनकडे पाहिलं, पत्र्यावरच्या कोळशांकडे पाहिलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसा आवाज काढून म्हणाला, "आई, तू बस जरा."

मग मोबाइल काढून त्यानं काहीतरी टिपून ठेवलं. नंदकुमारांनी ते पाहिलं. चौतीस वर्षं लॉगबुक भरलेल्या माणसाला, कोण कशाची नोंद करतंय हे पाठमोरं बसूनही कळतं.

२

"यादी आहे बाबा," शुभदानं सकाळी चहा देताना हळूच सांगितलं. ती या आठवड्यात घरूनच काम करत होती. का, ते आता कळणार होतं. "गुरुवारी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट आहे. आणि सोमवारपासून मुक्ता शाळेतून चाइल्डमाइंडरकडे जाणार. आईंना घरात एकटं ठेवायचं नाही, मुक्ताबरोबर तर नाहीच."

"त्यांना सांगितलंय?"

"आशिषनं सांगितलं. त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या."

वसुधाताई आणि नुसतं 'बरं'! नंदकुमारांचा चहा निवला. शाळा सुटली की नातीला, मुक्ताला, आणायचं, वाटेत तिच्याशी मराठीत बोलायचं आणि तिची 'आजी, आयम ग्रँड', म्हणजे 'मी मजेत', अशी उत्तरं ऐकून घ्यायची, हाच त्या बाईंचा इथला दिवस होता. तो काढून घेतला तर उरत होती ती फक्त खिडकी.

"काय काय हाय यादीत?"

चार गोष्टी होत्या. पहिली, दीड महिन्यापूर्वीची. वसुधाताईंनी विरजण लावलेलं काचेचं भांडं ओव्हनमध्ये ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही. शुभदानं पिझ्झासाठी ओव्हन दोनशे वीसवर लावला. भांडं फुटलं, दही मागच्या भिंतीपर्यंत उडालं. विचारलं तर म्हणाल्या, ब्रीडानं सांगितलं ओव्हनमध्ये ठेव म्हणून.

"मग मी ब्रीडाला विचारलं. ती म्हणाली, देवाशप्पथ, मी ओव्हन हा शब्दसुद्धा काढला नाही."

दुसरी गोष्ट लगेच त्याच आठवड्यातली. तिसरी आणि चौथी म्हणजे दोनदा जळालेल्या नानकटाया. त्याआधी त्याच ओव्हनमध्ये, त्याच हातानं, चार वेळा केलेल्या उत्तम झाल्या होत्या.

"दुसरी सांगितली नाहीस."

शुभदानं दाराकडे पाहिलं. "जेवताना त्या म्हणाल्या, आज 'हे' येऊन गेले. ब्रीडाकडून स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले."

नंदकुमारांनी कप खाली ठेवला. वसुधाताईंचे 'हे' जाऊन अकरा वर्षं झाली होती. स्वतः नंदकुमारांनी खांदा दिला होता.

३

नंदकुमारांचा एक सिद्धांत होता. बॉयलर तापला म्हणून मीटर बोंबलतो, तेव्हा तीन जण संशयित असतात: बॉयलर, मीटर, आणि दोघांच्या मधली तार. नवशिका बॉयलर खोलतो. शहाणा मीटर बदलतो. नंदकुमार आधी तार हातात घेत. एकदा म्हणे त्यांनी डोळे मिटून, नुसती तार कानाला लावून, पंधरा टन वाफ वाचवली होती. कारखान्यात ही गोष्ट ऐकताना लोक ऊस चघळत बसत.

"बाबा, प्लीज, तुम्ही ओव्हनच्या मागे लागू नका. भाड्याच्या घरातला आहे," शुभदा म्हणाली.

"मी हातसुद्धा लावत न्हाई. मला वाटीभर साखर दे."

"गोड खायचं नाहीये तुम्हाला."

"खायला कोण मागतंय? साक्षीला बोलवायची हाय."

साखर कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला साखरेची एक खोड ठाऊक होती. ती एकशे शहाऐंशीच्या आसपास वितळते. त्याच्या बरंच खाली ती तासन्तास नववधूसारखी मान खाली घालून बसते, आणि वर गेलात की लाज सोडते. ओव्हन एकशे साठवर लावायचा, साखर ठेवायची. वितळली तर ओव्हन खोटारडा, वसुधाताई निर्दोष.

वाटी मधल्या जाळीवर ठेवली. वीस मिनिटं. नंदकुमार काचेसमोर खुर्ची टाकून बसले. शुभदा मीटिंगमध्ये 'या, या, दॅट्स ग्रँड' म्हणत होती. बाहेर पाऊस होता, म्हणजे मंगळवार होता.

घंटा वाजली. त्यांनी वाटी बाहेर काढून चमच्यानं साखर हलवली.

पांढरीशुभ्र. दाणा न् दाणा मोकळा.

ओव्हन खरं बोलत होता. मग खोटं बोलणारं घरात एकच उरत होतं.

४

"वितळली?"

वसुधाताई दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

नंदकुमारांनी जन्मात पुष्कळ थापा मारल्या होत्या. पण त्या सगळ्या रंगवलेल्या होत्या, फसवण्यासाठी एकही नव्हती. ते म्हणाले, "न्हाई."

"वाटलंच मला." त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "नंदकुमारराव, तुम्ही परके नाहीत, आणि तसे माझेही नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. एकशे साठ लावल्याचं मला स्पष्ट आठवतंय. पण आठवतंय ते खरंच घडलं होतं का, हे मला आता सांगता येत नाही. माझ्या आठवणीला आता साक्षीदार लागतो."

"असं बोलू नका."

"का? आशिष डॉक्टर आहे. त्याला कळतं."

"त्याला माणसातलं कळतं. मला यंत्रातलं. अजून यंत्राची तपासणी झालेली न्हाई."

"तुम्ही तर आत्ताच..."

"मी केली. तुम्ही कुठं केलीय?" नंदकुमार खुर्ची पुढे ओढून बसले. "विहीणबाई, नानकटाई तुम्ही केलीत आणि साखर मी ठेवली. चोरी एकाच्या घरात आणि पंचनामा दुसऱ्याच्या, असं झालं ते. तुम्ही काल जे जे केलंत, ते तसंच्या तसं करा. फक्त पिठाऐवजी साखर."

"मी तुमच्या करमणुकीसाठी पुन्हा धूर करायचा?"

"घाबरताय?"

तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला हे विचारायचं नसतं. त्या उठल्या. सिंकखालच्या कपाटातून आपला पत्रा काढला. पुण्यात दिवाळीआधी पीठ मळून बेकरीत भाजायला नेत, तिथल्या भट्टीवाल्याकडून मागून आणलेला हा जाड काळा पत्रा. बॅगेत कपड्यांखाली घालून, तीन विमानतळांवर 'धिस इज ओन्ली फॉर बिस्किट्स' असं बजावत इथवर पोचवलेला. त्यावर वाटी ठेवली, तबकडी एकशे साठवर फिरवली.

"दिसतंय ना तुम्हाला? एकशे साठ."

"दिसतंय."

"वरची आच लागते, म्हणून वरच्या खाचेत." त्यांनी पत्रा आत सरकवला. "हल्ली बरा जातो हा. पूर्वी मागे अडायचा, दार लावताना दामटावं लागायचं. आता कसा सुरळीत बसतो."

नंदकुमारांचा कान हलला.

वीस मिनिटं कशाला, तेराव्या मिनिटालाच त्यांच्या नाकाला ओळखीचा वास आला. कारखान्याचा. हंगामातला. वसुधाताईंनी दार उघडलं. वाटीत साखर नव्हतीच. लालबुंद काकवी रटरटत होती.

तबकडी एकशे साठवरच होती. दोघांनी पाहिली. दोघांनी पुन्हा पाहिली.

"साक्षीदार मिळाला," नंदकुमार म्हणाले.

वसुधाताईंनी ओट्याची कड घट्ट धरली होती. "पण मग तुमची का नाही वितळली?"

५

बुधवारी सकाळी, ओव्हन थंडगार असताना आणि भिंतीवरचा त्याचा खटका बंद करून, नंदकुमारांनी आत डोकं घातलं. शुभदानं बॅटरी धरली.

मागच्या भिंतीतून, वरच्या कोपऱ्यात, करंगळीएवढी एक स्टीलची कांडी पुढे आली होती.

"हा ओव्हनचा कान," आतून आवाज आला. "सेन्सर. आत किती तापलंय ते हा ऐकतो आणि पुढं सांगतो. आता बघ." त्यांनी कांडीच्या टोकावर बोट ठेवून हलकेच दाबलं. कांडी भिंतीत गडप झाली. बोट काढलं, तशी मागच्या तारेनं ढकलून ती परत बाहेर आली. "खरं तर ही जाग्यावर घट्ट पाहिजे. दोन स्क्रू असतात. हिला एकच हाय, आणि तोही ढिला."

शुभदा इंजिनियर होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "आईंचा पत्रा!"

"शाब्बास. माझी वाटी जाळीवर, लांब. कांडी बाहेर, कान उघडा. वसुधाताईंचा पत्रा मागंपर्यंत जातो. पूर्वी घट्ट कांडीला अडायचा. आता कांडी मुकाट्यानं भिंतीत जाते, मागं गार असतंय, आणि ती बिचारी सांगते, अजून तापलं न्हाई, अजून तापलं न्हाई. ओव्हन पेटतच राहतो. पत्रा काढला की बया परत बाहेर, जशी काही गावचीच न्हाई."

"म्हणजे कोणीही केलं असतं तरी..."

"कोणी न्हाई. पत्रा एकट्या वसुधाताईच वापरतात. म्हणून ओव्हन फक्त त्यांनाच फसवत होता." ते गुडघे धरून उठले. "आता सांग, हे खोललं कुणी? दही उडालं तेव्हा साफ कुणी केलं?"

"आईंनी."

मागे खुर्चीत बसलेल्या वसुधाताई म्हणाल्या, "मी? मला वाटलं तू केलंस. दुसऱ्या दिवशी लखलखीत होतं. आधीच मी लाजले होते, म्हणून विषय काढला नाही."

"मी पण नाही काढला. म्हटलं तुम्हाला वाईट वाटेल."

सासू-सून एकमेकींकडे बघत राहिल्या. दीड महिना एकमेकींना जपण्यात गेला होता, आणि त्या जपण्याखाली एक स्क्रू गायब होता.

नंदकुमारांनी कोट चढवला आणि शेजारची बेल वाजवली.

ब्रीडाचं बोलणं जलद, नंदकुमारांचं इंग्रजी सावकाश. चहा झाला. हवा कशी वाईट आहे यावर एकमत झालं. मग त्यांनी विचारलं, "यू टोल्ड माय... माय वसुधाताई, कर्ड इन ओव्हन?"

"आय डिड नॉट!" ब्रीडा उसळली. "आय सेड, पुट इट इन द हॉट प्रेस."

"व्हॉट इज प्रेस?"

ब्रीडानं स्वयंपाकघरातलं कपाट उघडून दाखवलं. प्रेस. बशा होत्या. नंदकुमार विचार करू लागले. प्रेस म्हणजे कपाट. हॉट प्रेस म्हणजे गरम कपाट. गरम कपाट म्हणजे... त्यांनाही एकच गोष्ट सुचली. त्यांनी ब्रीडाच्या ओव्हनकडे बोट दाखवलं.

ब्रीडा आधी हसली, मग एकदम हसायची थांबली. त्यांचा हात धरून तिनं त्यांना जिन्यावरून वर नेलं आणि एक अरुंद दार उघडलं. आत गरम पाण्याची टाकी, आणि टाकीच्या उबेला घडी घातलेले टॉवेल. असलं कपाट आशिषच्या घरातही होतं. त्याला घरात 'टाकीची खोली' म्हणत.

"हॉट प्रेस," ब्रीडा हळू म्हणाली. "ओह, द पुअर वुमन."

वसुधाताईंनी ऐकलं होतं 'हॉट प्रेस'. घरी सांगताना त्यांनी त्याचं चोख मराठी केलं होतं, 'ओव्हन'.

निघताना नंदकुमारांनी दारातच विचारलं, "अँड स्क्रूड्रायव्हर?"

"डोंट टॉक टु मी!" ब्रीडा म्हणाली. "युअर मॅन टुक इट सिक्स वीक्स अगो अँड नॉट अ साइट ऑफ इट सिन्स."

नंदकुमार पायरीवर थबकले. "हूज मॅन?"

६

आशिष बुधवारी दुपारी दोनला घरी आला. आदल्या सकाळपासून ड्यूटीवर होता. कोट न काढताच खुर्चीत बसला. टेबलावर पत्रा होता, आणि पत्र्यावर काळ्या काकवीची वाटी.

नंदकुमारांनी ओव्हनचं सगळं सांगितलं, मग हॉट प्रेसचं. आशिषनं कपाळाला हात लावला. तो नऊ वर्षं या देशात होता. 'हॉट प्रेस' हे दोन शब्द त्याच्या कानावर पडले असते तर तो जागच्या जागी हसला असता.

"पण बाबा आले होते, असं ती म्हणाली त्याचं काय?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं. "तेच मला सगळ्यात..."

"मी असं कधी म्हणाले?" वसुधाताई ताठ झाल्या. "मी म्हणाले, ब्रीडा सांगते की हे येऊन गेले. मला वाटलं बाई सटकलीय. माझ्यासारखीच एक शेजारीण मिळाली, म्हणून तिला दुखवलं नाही."

"तिचे शब्द काय होते?"

"युअर मॅन."

 शुभदानं तोंडावर हात ठेवला. "आई, इथं युअर मॅन म्हणजे नवरा नाही हो. तो अमका, तो माणूस. कोणीही."

"मग 'तो माणूस' म्हणावं की! ते 'युअर' कशाला मधे? आणि मी नवऱ्याचं नाव घेणार होते का? म्हटलं, हे."

"बॉयलर बरोबर होता, मीटरही बरोबर होता," नंदकुमार म्हणाले. "मधली तार तेवढी फार चांगलं मराठी जाणत होती." मग ते जावयाकडे वळले. वळताना आवाज मऊ केला. "आता राहिला एकच प्रश्न. तो अमका कोण? दह्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रीडाकडून स्क्रूड्रायव्हर कुणी आणला?"

"मी नाही," आशिष म्हणाला. "मला आठवलं असतं."

"ब्रीडा म्हणाली, युअर मॅन, द डॉक्टर. सकाळी नऊला. कपडे हॉस्पिटलचे, डोळे मिटलेले."

"शक्यच नाही. मी त्या दिवशी..." तो थांबला. त्या दिवशी काय केलं होतं, ते तो शोधत होता. शोधताना चेहरा कसा दिसतो, ते टेबलाभोवतीच्या तिघांनी पाहिलं. "ड्यूटीवरून आलो होतो. मग झोपलो. मधलं काही..."

"ब्रीडा म्हणते, स्क्रूड्रायव्हरची मूठ पिवळी हाय. तुझी ड्यूटीची बॅग बघू का?"

आशिषनं स्वतःच बॅग उलटी केली. स्टेथोस्कोप, पेनं, चुरगळलेली बिस्किटाची पाकिटं, एक मोजा. आणि सगळ्यात तळाला, दीड महिना हॉस्पिटलात जाऊन-येऊन दमलेला, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. त्याच्यामागून एक बारीक स्क्रू टेबलावर घरंगळला आणि पत्र्याला टेकून थांबला.



"मी ओव्हन खोलला," आशिष म्हणाला. "साफ केला. परत लावला. आणि मला त्यातलं काही आठवत नाहीये आई. काहीच नाही. आणि यादी मी तुझी केली."

नंदकुमारांना अशा वेळी एखादी थाप सुचायला हवी होती. सुचली नाही. जावई रडतोय की नुसता डोळे चोळतोय, हे न बघण्यासाठी ते स्क्रू उचलून त्याचे आटे तपासू लागले.

वसुधाताई उठल्या. वर्गात उठायच्या तशा. "हे बघ, गुरुवारची वेळ रद्द करू नकोस. माझं वय झालंय, तपासून घ्यायला माझी ना नाही. पण तिथं काय काय घडलं ते मी सांगणार, माझ्या तोंडानं, इंग्रजीत. तुझा मोबाइल नाही सांगणार. आणि तू तुझ्या साहेबांना फोन करून सांग, की तीस-तीस तास जागं राहून माणसं काय विसरतात. तू ओव्हनचा एक स्क्रू विसरलास. उद्या कुणाच्या पोटात काही विसरशील."

"मी सर्जन नाहीये आई."

"देवाची कृपा."

शुभदा हसली, आणि तो सुद्धा, अर्धवट. मग शुभदानं घड्याळ पाहिलं. अडीच वाजत आले होते, शाळा सुटायची वेळ. तिनं गाडीच्या किल्लीकडे हात नेला.

"थांब शुभदा," आशिष म्हणाला. त्यानं आईकडे पाहिलं, आणि या वेळी त्याचा आवाज पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचा नव्हता. शाळेतून दमून आलेल्या मुलाचा होता. "आई, मुक्ताला तू आणतेस? आणि सोमवारीही. मी जरा झोपतो."

वसुधाताईंनी 'बरं' म्हटलं नाही. त्यांनी कोट घातला, बटणं लावली, स्कार्फ नीट केला, आरशात पाहून पुन्हा नीट केला. नंदकुमार आपली छत्री शोधू लागले.

"तुम्ही कुठं निघालात?"

"म्हटलं, सोबतीला येतो. पाऊस हाय."

"बसा तुम्ही," वसुधाताई म्हणाल्या आणि दार उघडलं. "मला रस्ता माहीत आहे."